एका चिठ्ठीचे आयुष्य

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्या समाजाला झोप ही दुकानातून विकत आणण्याची वस्तू होऊ शकेल, अशी कल्पनाही कधी शिवली नसावी. भाताची लावणी आटोपून, दिवसभर चिखलात वाकून घरी परतलेल्या मावळातील शेतकऱ्याला घोंगडीवर अंग टाकताच डोळा लागत असे. त्यासाठी त्याला वैद्याची गरज नसे. त्याच मावळातील मुळशी तालुक्याची रात्र आज पार बदललेली आहे. पुण्याला चिकटलेल्या कडेला हिंजवडीच्या इमारतींतील दिवे पहाटेपर्यंत मालवत नाहीत. पिरंगुटच्या कारखान्यांत रात्रपाळी चालू असते. भूगाव-भुकूमच्या नव्या सदनिकांत मुले परदेशी गेलेली वृद्ध जोडपी छताकडे पाहत पडून असतात. या साऱ्या जागरणाच्या कडेकडेने एक लहानशी गोळी मुकाट्याने घरात शिरते, उशाशी बसते आणि मग तेथून हलत नाही. हे चित्र केवळ मुळशीचे नाही. तथापि गाव आणि महानगर यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या या तालुक्यात ते जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

झोपेच्या गोळ्यांच्या आहारी जाण्याचा प्रश्न निघाला की सामान्यतः दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, हा श्रीमंतांचा आणि मनाने दुबळ्यांचा रोग आहे. दुसरे असे की, ज्या अर्थी डॉक्टरांनी लिहून दिले आहे, त्या अर्थी त्यात काळजीचे कारण नाही. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दुसरे मत अधिक घातक आहे. दारू पिणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे निदान ठाऊक असते. त्याच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही ते ठाऊक असते. झोपेची गोळी घेणारा मनुष्य मात्र स्वतःला रुग्ण समजतो, आणि त्याचे आप्तही त्याला पथ्य पाळणारा शहाणा रुग्ण समजतात. त्याच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीच्या आडोशाने महिन्यांमागून महिने आणि वर्षांमागून वर्षे निघून जातात.

उदाहरणादाखल एखाद्या निवृत्त शिक्षकाचा विचार करावा. पत्नीच्या निधनानंतर त्यांना रात्र खायला उठते. डॉक्टर सहानुभूतीने दहा दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. त्या दहा दिवसांत झोप लागते, आणि गोळी हाच आपला आधार अशी मनाची समजूत होते. अकराव्या दिवशी तीच चिठ्ठी घेऊन ते दुकानात जातात. दुकानदार ओळखीचा असतो, कदाचित त्यांचाच विद्यार्थीही असतो. गुरुजींना नाही कसे म्हणावयाचे? पुढे चिठ्ठी दाखविण्याचीही गरज उरत नाही. तीन वर्षांनी ती घडीवर फाटलेली असते. तिच्यावरील अक्षरे पुसट झालेली असतात. परंतु तिची सत्ता मात्र अबाधित असते. या सगळ्या व्यवहारात दुष्टावा कोणाचाही नाही. डॉक्टरांनी करुणेने लिहिले, दुकानदाराने आदराने दिले आणि गुरुजींनी विश्वासाने घेतले. तरीही एक स्वतंत्र, विवेकी मनुष्य एका गोळीचा अंकित झाला. ज्या व्यवहारात प्रत्येकाचा हेतू चांगला असूनही परिणाम वाईट होतो, तेथे दोष व्यक्तीत शोधण्यापेक्षा व्यवस्थेत शोधणे शहाणपणाचे असते.

सापळा कसा लागतो?

या गोळीचा गुण आणि अवगुण एकाच ठिकाणी आहे. मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य असते. मज्जापेशींची धावपळ शांत करणे हे त्याचे काम. डायझेपाम, नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे, तसेच अलीकडच्या काळातील झोल्पिडेम, याच द्रव्याचा प्रभाव वाढवितात. म्हणजेच गाडीचा ब्रेक बाहेरून दाबला जातो. परंतु शरीर हे अत्यंत हिशेबी असते. बाहेरून रोज ब्रेक दाबला जात आहे हे ध्यानी येताच ते आपला स्वतःचा ब्रेक सैल करू लागते. काही आठवड्यांत तेवढ्याच मात्रेने तितकी झोप येईनाशी होते आणि मात्रा वाढते. आणि एखाद्या रात्री गोळी घेतली नाही, तर झोप पूर्वीपेक्षाही अधिक दुरावते. छाती धडधडते, हात थरथरतात, मन अकारण भीतीने भरून जाते.

खरा सापळा येथेच आहे. ज्या लक्षणासाठी औषध घेतले, नेमके तेच लक्षण औषध थांबविताच दुप्पट जोराने परत येते. साहजिकच रुग्ण असा निष्कर्ष काढतो की, आपला आजार अद्याप बरा झालेला नाही आणि गोळी अजूनही आवश्यक आहे. वस्तुतः त्या रात्रीची अस्वस्थता ही मूळ दुखण्याची नसते, ती गोळीनेच निर्माण केलेली असते. कर्ज फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज काढणाऱ्या कुळासारखी ही अवस्था होय. मुद्दल कधीच फिटत नाही, व्याज मात्र वाढत राहते.

हे व्याज अनेक प्रकारे वसूल होते. वृद्धांचा रात्री तोल जातो, ते पडतात आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळतात. दिवसा ग्लानी राहते, विस्मरण होते, आणि घरचे लोक त्याला वयाचा दोष मानून सोडून देतात. सकाळी दुचाकीवरून कामाला निघालेल्या तरुणाच्या रक्तात रात्रीच्या गोळीचा अंश शिल्लक असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये झोल्पिडेमची स्त्रियांसाठीची सुचविलेली मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली ती याच कारणासाठी. सकाळी वाहन चालविताना आवश्यक असलेली सावधता त्यामुळे कमी होत असल्याचे आढळले होते. याच गोळीबरोबर दारू पोटात गेली तर श्वासोच्छ्वास मंदावून जीवावर बेतू शकते. २०२० मध्ये त्याच प्रशासनाने डायझेपाम-अल्प्राझोलाम या साऱ्या कुळाच्या औषधांवर सवय, परावलंबन आणि औषध तोडताना होणारा त्रास यांविषयीचा सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक केले.

निर्धोक गोळीचा शतकभराचा शोध

या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहिले तर एक विलक्षण साम्य आढळते. प्रत्येक पिढीला एक नवी गोळी मिळाली; प्रत्येक वेळी ती मागच्या गोळीपेक्षा निर्धोक असल्याची ग्वाही दिली गेली; आणि प्रत्येक वेळी ती ग्वाही खोटी ठरण्यास काही वर्षे पुरेशी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत एमिल फिशर आणि जोसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल हे निद्राकारक पुढे आणले, आणि ‘व्हेरोनाल’ या नावाने ते युरोपभर पसरले. या कुळातील औषधांची सवय लागते, आणि मात्रा थोडी जास्त झाली तर मनुष्य झोपेतून उठतच नाही, हे कळेपर्यंत असंख्य बळी पडले होते.

त्यानंतरचा अध्याय भारताशी निगडित आहे. १९५१ मध्ये इंद्रकिशोर कक्कर आणि सय्यद हुसेन झहीर या भारतीय शास्त्रज्ञांनी हिवतापावरील औषधाच्या शोधात मेथाक्वालोन हे द्रव्य तयार केले. हिवतापासाठी झालेला हा शोध पुढे जगभर झोपेची गोळी म्हणून खपला. ‘मँड्रेक्स’ या नावाने ती गोळी कुप्रसिद्ध झाली आणि अखेर नशेच्या बाजारात जाऊन पडली. एका पिढीने जे बार्बिटालला पर्याय म्हणून स्वीकारले, ते पुढच्या पिढीला कायद्याने बंद करावे लागले.

१९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आले. स्वित्झर्लंडच्या एका मोठ्या औषध कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेल्या या औषधांनी क्रांती घडविली, कारण बार्बिटालच्या तुलनेत त्यांच्या अतिमात्रेने मरण ओढवण्याचा धोका खूपच कमी होता. व्हॅलियममधील द्रव्य म्हणजेच डायझेपाम. आपल्याकडे ‘काम्पोज’ या नावाने ते घरोघरी माहीत झाले. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याला आणि लग्नघरातील दगदगीने शिणलेल्या यजमानाला ‘अर्धी काम्पोज’ देण्याचा सल्ला शेजारीपाजारीही देऊ लागले. वास्तविक लिब्रियम बाजारात आल्यानंतर वर्षभरातच, १९६१ मध्ये, लिओ हॉलिस्टर यांनी मोठी मात्रा अचानक तोडल्यास रुग्णांना त्रास होतो हे दाखवून दिले होते. परंतु ते ऐकण्यास जगाला दोन तपांहून अधिक काळ लागला. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने स्पष्ट शब्दांत बजावले की, ही औषधे दोन ते चार आठवड्यांहून अधिक काळ देऊ नयेत. १९९० च्या दशकात झोल्पिडेम आले ते पुन्हा त्याच ग्वाहीनिशी, आणि आज त्याच्यावरही इशारे छापावे लागत आहेत.

या इतिहासाचे तात्पर्य औषधे वाईट असतात असे नाही. अपस्माराचा झटका थांबविताना किंवा दारू सोडणाऱ्या रुग्णाचा कंप आवरताना हीच औषधे प्राण वाचवितात. तात्पर्य एवढेच की, या औषधांचा धोका ती कोणती आहेत यापेक्षा ती किती दिवस घेतली जातात यात आहे. दोन आठवड्यांचा पाहुणा दोन वर्षे राहिला, तर त्याला पाहुणा म्हणता येत नाही. तो घराचा मालक झालेला असतो.

कायदा आहे, पण...

आपल्याकडे यासंबंधी कायदा नाही, असे म्हणता येणार नाही. उलट तो पुरेसा स्पष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, आणि त्याखालील नियम १९४५ चे. या नियमांत असे स्वच्छ म्हटले आहे की, डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे लिहिलेले नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकापेक्षा अधिक वेळा देता येणार नाही. आणि औषध देताना विक्रेत्याने चिठ्ठीवर आपले नाव, पत्ता व तारीख नोंदविली पाहिजे. म्हणजे गुरुजींच्या त्या चिठ्ठीचे कायदेशीर आयुष्य पहिल्याच खरेदीबरोबर संपलेले होते. त्यानंतरची तिची तीन वर्षे ही केवळ रूढीने दिलेली होती.

१९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने यांपैकी अनेक औषधांना मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत बसविले. त्यानंतर १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही नवी अनुसूची अमलात आली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम यांचा तीत समावेश आहे. ही औषधे विकताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या यांची वेगळी नोंदवही ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तर त्याआधीच अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी, दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे आणि चिठ्ठीविना औषध मिळता कामा नये, हा आग्रह धरला होता. त्यावर विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध नोंदविला. अस्तित्वात असलेला कायदा पाळावयास लावणे हीच जेथे असाधारण घटना ठरते, तेथे कायद्याच्या पुस्तकात भर घालून फारसे साधणार नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आकडेवारीत दडलेली आहे. केंद्र सरकारच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व्यसनविषयक पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख लोक, शामक औषधांचा वैद्यकीय सल्ल्याविना वापर करतात, असे तीत आढळले. आणि अशा लोकांची संख्या ज्या राज्यांत सर्वाधिक आहे, त्यांत महाराष्ट्राचाही समावेश आहे. हा आकडा भयावह आहे. परंतु ‘वैद्यकीय सल्ल्याविना’ या दोन शब्दांकडे लक्ष द्यावयास हवे. ज्यांच्यापाशी चिठ्ठी आहे, ते या मोजणीत नाहीत. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून अल्प्राझोलाम विकणारा सापडला की वृत्तपत्रात बातमी येते. आणि ती यावयासच हवी. परंतु तेच औषध अभ्रा चढविलेल्या उशीखाली, आदरणीय माणसाच्या घरात, वर्षानुवर्षे असते, तेव्हा ना पोलीस येतात, ना पाहणीवाले येतात, ना डॉक्टर विचारतात. समाजाने व्यसनी माणसाचे जे चित्र मनाशी रेखाटले आहे, त्यात हा मनुष्य बसत नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी उपचारही सिद्ध ठेवलेला नाही.

रात्र कोणाची?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. निद्रानाश हे काही ढोंग नव्हे. रात्रीमागून रात्री तळमळत काढणाऱ्याला उपदेश ऐकविणे हा निर्दयपणा आहे. ज्या डॉक्टरांच्या दारात सकाळपासून शंभर रुग्ण ताटकळत बसलेले असतात, त्यांनी प्रत्येकाच्या झोपेची कहाणी अर्धा तास ऐकावी, अशी अपेक्षा करणे सोपे असले तरी ते पाळणे कठीण आहे. नियम कडक केले तर खरोखर गरज असलेल्या रुग्णालाच वणवण करावी लागेल, आणि चोरटा बाजार अधिक तेजीत येईल. हे सारे मान्य करावयास हवे. म्हणूनच केवळ दुकानदाराच्या मागे लागून हा प्रश्न सुटणार नाही. झोप का उडाली, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आणि हा प्रश्न विचारण्यासाठी मुळशीइतकी योग्य भूमी नाही. १९२१ च्या रामनवमीला या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. पां. म. बापट यांना ‘सेनापती’ हे नामाभिधान याच लढ्याने दिले. लढा हरला, धरण झाले, सह्याद्री उतरून भिऱ्याला गेलेल्या पाण्यापासून १९२७ पासून वीज निर्माण होऊ लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना व घरांना मिळाली. मुळशीने आपली भातखाचरे बुडवून दुसऱ्या शहराची रात्र उजळली. शतकानंतर त्याच तालुक्यातील हिंजवडीत जे घडते आहे, ते याच व्यवहाराचे दुसरे रूप नव्हे काय? न्यूयॉर्कच्या कचेऱ्या सकाळी नऊला उघडतात तेव्हा हिंजवडीत ऋतुमानानुसार सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात वाजलेले असतात. कॅलिफोर्नियाची सकाळ उजाडते तेव्हा येथे रात्रीचे साडेनऊ-साडेदहा झालेले असतात. दूरच्या देशाचा दिवस सांभाळण्यासाठी येथील तरुण आपली रात्र देतो. त्याच्याबरोबर त्याला ने-आण करणारा चालक जागतो, फाटकावरचा सुरक्षारक्षक जागतो, आणि त्यांतील अनेक जण ज्यांनी जमिनी विकल्या त्याच कुटुंबांतील असतात.

या रोजगाराने घरे उभी राहिली, मुले शिकली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याची पूर्ण किंमत वेतनपत्रकावर दिसत नाही. मनुष्याच्या मेंदूत एक घड्याळ असते, आणि ते सूर्यप्रकाशावर चालते. या जैविक घड्याळाच्या पेशींतील यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ कामाच्या पाळीप्रमाणे दर पंधरवड्याला मागे-पुढे करता येत नाही. कर्करोगविषयक संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्येच रात्रपाळीच्या कामाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ गोष्टींत केला. चरकसंहितेने तर आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेस शरीराचा उपस्तंभ म्हटले आहे. घराचा एक खांब काढून घ्यावयाचा आणि त्या जागी गोळीची टेकू लावावयाची, असा हा प्रकार आहे. सकाळी आठ वाजता, खिडकीवर जाड पडदे ओढून, बाहेर रहदारी चालू असताना ज्याला सक्तीने झोपावयाचे आहे, त्याची झोप उडणे हा त्याचा आजार नसतो. तो त्याच्या कामाच्या वेळापत्रकाचा परिणाम असतो. आणि वेळापत्रकाच्या दोषावर माणसाला औषध देणे हा न्याय नव्हे.

काय करता येईल?

म्हणून उपायांचा विचार तीन पातळ्यांवर करावयास हवा. पहिली पातळी डॉक्टरांची. झोपेचे औषध लिहिताना ते कोणत्या तारखेला थांबवावयाचे, हे त्याच चिठ्ठीवर आणि मराठीत लिहिण्याची प्रथा पडली पाहिजे. आज पाकिटावर लाल चौकटीत जो इशारा असतो, तो बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत असतो. ज्याने तो वाचावयाचा, त्याला तो वाचता येतोच असे नाही. दुकानदारानेही जुनी चिठ्ठी आदराने परत करणे हा गुरुजींचा अवमान नसून त्यांच्यावरील माया आहे, हे समजून घेतले पाहिजे.

दुसरी पातळी उपचाराची. येथे एक गोष्ट अत्यंत ठामपणे सांगावयास हवी. असे लेख वाचून कोणीही आपल्या गोळ्या उद्या सकाळी केरात टाकू नयेत. दीर्घकाळ घेतलेले हे औषध एकाएकी तोडल्यास झटके येऊ शकतात आणि ते प्राणघातक ठरू शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, आठवड्यांच्या आणि प्रसंगी महिन्यांच्या टप्प्यांनी कमी करावे लागते. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे प्रा. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या बारा वर्षांत अशा रुग्णांसाठी खास दवाखाना चालवून, वर्षानुवर्षांची सवयही या मार्गाने सुटू शकते हे दाखविले. मूळच्या निद्रानाशावरही औषधाखेरीज उपचार आहेत. रोज एकाच वेळी उठणे, झोप आल्याशिवाय अंथरुणावर न जाणे, झोप न लागल्यास तळमळत न पडता उठून बसणे, दुपारची झोप टाळणे आणि झोपेविषयीची भीती समुपदेशनाने घालविणे, ही त्या पद्धतीची सूत्रे होत. अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच पद्धती वापरावी, अशी शिफारस केली. तिला वेळ लागतो. पण तिची सवय लागत नाही.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा नाही असे नव्हे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात येरवडा येथे ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी. व्यसन हा दुर्गुण नसून आजार आहे, आणि व्यसनी मनुष्य हा तिरस्काराचा नव्हे, तर उपचाराचा विषय आहे, हे त्या कामाने मराठी समाजाला शिकविले. तीच दृष्टी आता एक पाऊल पुढे नेण्याची गरज आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आणि त्याची जिल्हा पातळीवरील योजना १९९६ पासून अस्तित्वात आहे. या योजनेखाली पौडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, सरकारी रुग्णालयात, आठवड्यातील एक ठरावीक वार केवळ झोपेच्या तक्रारींसाठी आणि गोळ्या कमी करण्यासाठी राखून ठेवता येईल. त्याला नवी इमारत नको आणि मोठी यंत्रेही नकोत. एक मनोविकारतज्ज्ञ, एक समुपदेशक आणि रुग्णाची नोंदवही एवढे पुरे आहे. ज्यांना तेवढेही गाठता येत नाही, त्यांच्यासाठी ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. शाळा-महाविद्यालयांच्या फलकांवर हा क्रमांक लिहिण्यास काहीच खर्च येत नाही. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या विद्यार्थ्याला घरातील औषधाच्या डब्याआधी तो दिसला पाहिजे.

तिसरी पातळी कामाच्या जागेची. रात्रपाळीवर ज्यांचा व्यवसाय चालतो, त्यांनी पाळ्या वरचेवर बदलू नयेत, दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती द्यावी, आणि वाहनचालक व सुरक्षारक्षक हे कंत्राटदाराचे नोकर आहेत म्हणून त्यांच्या झोपेचा हिशेब आपला नाही, असे मानू नये. कर्मचाऱ्यांसाठी व्यायामशाळा उघडणे चांगलेच आहे. परंतु ज्याला झोपावयास वेळ मिळत नाही त्याला व्यायामशाळा दाखविणे, हे उपाशी माणसाला पाकशास्त्राचे पुस्तक देण्यासारखे आहे.

या तिन्ही पातळ्यांवरील सुधारणा एका वर्षात होणार नाहीत. नोकरीचे वेळापत्रक बदलण्यासाठी संघटित प्रयत्न लागतील. पौडला तज्ज्ञ येण्यासाठी सरकारचा पाठपुरावा करावा लागेल. परंतु एक गोष्ट मात्र उद्याच्या सकाळपासून होऊ शकते. झोपेच्या औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीवर ती लिहिल्याची तारीख असतेच. तिच्याखाली औषध थांबविण्याची तारीख लिहावयास डॉक्टरांना दोन क्षण लागतील. ती नाही म्हणून कितीतरी माणसांची वर्षे गेली आहेत.